बेअरिंग

मान खाली घालावी असा गुन्हा मी केला नव्हता.
तो पगाराचा भाग होता.
जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, छताला टांगलेल्या
क्रेनच्या केबिनीतून बावीस वर्षं मी खालीच बघत आलो:
भंगाराचा ढीग, भट्टीचं तोंड,
हात वर करून इशारे देणारी माणसं.
त्यांना मी टोप्यांवरून ओळखायचो.

मग उजवा अंगठा झोपला.
आधी अंगठा, मग त्याच्या शेजारचं बोट.
रात्री मानेतून एक तार तापत खाली यायची,
सळई रुळांवरून सुटते तशी, लाल,
आणि मी उठून भिंतीला डोकं टेकून बसायचो.
कौतिका विचारायची, शेक देऊ का?
मी तिच्यावर ओरडायचो.
दुसरं बोलणं मला येतच नव्हतं;
आमच्या शेडमध्ये हळू बोललेलं
कुणापर्यंत पोचत नाही.

संभाजीनगरला त्या बोगद्यात सरकवण्याआधी विचारलं,
अंगावर लोखंड आहे का काही?
म्हटलं, अंगठी काढली, करदोड्याची किल्ली काढली.
श्वासातून आत गेलेलं कसं काढू?
पोरगी हसली नाही.

डॉक्टर देवणीकर बाईंनी टेबलावर प्लास्टिकचा कणा ठेवला.
पाचव्या-सहाव्याच्या मध्ये पेन्सिल टेकवली:
ही गादी पिचली, शिरेवर आली.
एक तर दोन्ही मणके जोडून टाकू, कायमचे.
नाही तर गादी काढून तिथं चकती बसवू,
वर-खाली धातू, मध्ये गुळगुळीत गाभा.
ती हलते. महाग आहे.
सगळ्यांना चालत नाही, तुम्हाला चालेल.

मेव्हणा उद्धव फिटर आहे. जिन्यात म्हणाला,
म्हंजे वेल्डिंग का बेअरिंग, एवढंच ना?
वेल्डिंग पक्कं. पण एक जोड हलला नाही
की झटका शेजारच्याला बसतो,
हे तुम्हाला मी काय सांगू.

पैशांचं इथं लिहीत नाही.
ते अजून चालू आहे.

मागच्या दुखण्याला पुढून चीर दिली,
श्वासनळी बाजूला सारून,
एसटीत कुणाला 'जरा सरका' म्हणावं तशी.
शुद्धीवर आलो तर हात गार.
कौतिकाला हाक मारली
आणि तोंडातून नुसती फुंकर आली.

येईल आवाज, बाई म्हणाल्या, सहा आठवडे लागतील.
सहा आठवडे मी कुजबुजत होतो:
मोसंबीचा रस. उशी नको. पंखा कामून बंद?
दर वाक्याला ती कान माझ्या तोंडाशी आणायची,
आणि त्या कानामागं तीळ आहे
हे मला लग्नाच्या एकविसाव्या वर्षी कळलं.

आवाज आला त्या दिवशी दूधवाल्यावर ओरडलो.
आतून ती म्हणाली, आला वाटतं.
भाकरी जरा जोरात थापली.

आता मी गेटवर, वजनकाट्यावर असतो.
एका दुपारी शेडमध्ये गेलो
आणि पहिल्यांदाच खालून ती केबिन पाहिली.
केवढीशी. खुराडं. काचेला काजळी.
आत अफरोज, चोवीस वर्षांचा,
हनुवटी छातीला लागलेली.
हाक मारली, पोचली नाही.
हात हलवला.
त्याला माझी टोपी दिसली असेल.

चकती तुमच्यापेक्षा जास्त टिकेल, बाई म्हणाल्या होत्या.
म्हणजे एक दिवस राख सावडताना
पोराच्या बोटांना लागेल,
गाभा जळालेला, पैशाएवढ्या दोन टिकल्या.
त्याला सांगून ठेवलंय, नदीत टाकू नको.
आमच्या गेटवर आण, भंगारात घाल.
काटा हलायचा नाही, तरी घाल.

अंगठा अजून अर्धा झोपेत आहे.
शर्टाचं वरचं बटण कौतिका लावते.
तेवढ्यापुरती मी मान वर करतो,
छताकडं बघतो,
आणि काही सांगायचं असलं तर
मुद्दाम हळू सांगतो.