तिसरी पायरी

भावानं पुण्याहून बारा फोटो पाठवले,
बाराही दारं एकाच घराची वाटावीत अशी.
खाली लिहिलं, ट्रॅडिशनलच ठेव, पण फ्रेश दिसू दे.

खणभागातल्या आमच्या घराचं पुढचं दार
फ्रेश कधी नव्हतंच.
दोन गोल खांब, वर अर्धचंद्राची रंगीत काच,
पितळी पाटीवर ना. वि. घारपुरे, बी. ए., एलएल. बी.,
आणि दारापर्यंत पाच पायऱ्या.
घरचे आम्ही बोळातल्या दारानं जायचो-यायचो.
पुढचं दार पक्षकारांचं,
लग्नातल्या व्याह्यांचं,
आणि एकदाच, आडवं होऊन, आजोबांचं.

सोमवारी मिस्त्री आला. दिगंबर आवळे.
एक पेन्सिल खिशात, एक कानावर.
ओळंबा सोडला, चौकट ठोकून पाहिली, म्हणाला,
सागवान हाय, वाळवी नुसती फिरून गेलीया.
पुराचं पाणी कुठवर आलतं?
चौथीपर्यंत, मी सांगितलं. पाचवीला शिवलं नाही.
त्याला हसू आलं.
पाण्यालाबी कळतंय, म्हणाला.

मग पायऱ्या मोजत उतरला
आणि तिसरीवर थांबला.
काळा दगड, पाचही एकाच खाणीतले,
पण तिसरी डावीकडे खोलगट,
ओंजळीतलं पाणी राहील एवढी.
पावसाळ्यात चिमण्या तिथं पितात.
पागोळीनं झिजलीय, मी म्हटलं.
लहानपणापासून सगळ्यांना हेच सांगत आले.
त्यानं वर पाहिलं.
छज्ज्याची कड चांगली दोन हात पुढे.
"ताई, पागोळी हितं कुठं पडतीया?"

चहा घेताना, वाळूच्या ढिगाकडे बघत,
त्यानं सावळजच्या साडेतीन एकरांचा दावा सांगितला.
आजा त्याचा. नऊ वर्षं तारखा.
साहेबांनी पैसा घेतला नाही, हे दोनदा सांगितलं.
जमीन राहिली. अजून आहे. द्राक्षं आहेत.
"तिसरीवरनं साहेबांचं तोंड दिसायचं. खुर्ची न्हाई.
चौथीवर येऊ नको असं कुणी म्हणलं न्हवतं.
ये, असंबी कुणी म्हणलं न्हवतं."
आणि त्याच आवाजात,
शिमीट आज मागवू का उद्या?

रात्री मी आजोबांची वही काढली.
जांभळ्या शाईत, तारखेवार,
आवळे, सावळज, फी नाही.
आवळे, सावळज, फी नाही.
केवढा अभिमान होता मला या पानांचा.
उभं कुठं राहिले, त्याचा रकाना
वहीत आखलेलाच नव्हता.

दगड पालथा घालू का, त्यानं विचारलं होतं,
खालनं कोरा असतोय, कुणाला कळायचं न्हाई.
नको, मी ताडकन म्हणाले.
संध्याकाळी वाटलं,
मग ठेवायचा कुणासाठी? पाहुण्यांना दाखवायला?
शेवटी पायऱ्याच काढल्या, उतार केला.
माझ्या गुडघ्याचं निमित्त होतं.
चार दगड भरावात गेले.
तिसरा कुंपणाला टेकून आहे.
त्याचं काय करायचं, अजून सुचलेलं नाही.

आज दार बसलं.
बेल कुठं लावायची, मी विचारलं.
तो बाहेर गेला, उतारावर उभा राहिला,
सहज हात जाईल तिथं पेन्सिलीनं फुली मारली.
लावून झाल्यावर दाबली.
वीज गेलेली.
मग बोटाच्या पेरानं टकटक केली.

मी आत उभीच होते,
फटीतून त्याला दिसतही असेन,
तरी विचारलं, कोण?
दार नवं होतं, म्हणून असेल.

तो खाकरला.
दिगंबर नामदेव आवळे,
मुक्काम पोस्ट सावळज, तालुका तासगाव.
पुकारा झाल्यावर कोर्टात सांगतात तसं,
पुरतं.

मी कडी काढली. दार खाली जरा घासलं.
उद्या रंधा मारतो, म्हणाला,
आणि आत आला बघायला.