चावी

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या खोलीत,
जिथं पाटी कन्नडमध्ये आणि कुरकुर मराठीत,
मी काचेवर एक थेंब उलटा टांगते.
तांदळाच्या धुवणासारखा थेंब.
भरमाजी घाडीचा. पाणी सोडणारा,
वय एक्कावन्न, काल रात्रीपासून बादली भरतोय.

भिंगाखाली ते सुटतात,
वाकडे, शेपटीवाले, स्वल्पविरामांएवढे,
लग्नघरातल्या पोरांसारखे इकडून तिकडं.
रजिस्टरात नोंद करते. हात धुते.
पुन्हा धुते.

लोकांना वाटतं जंतू आत घुसतो, पोखरतो, खातो.
हा तसलं काही करत नाही.
आतड्याच्या भिंतीला टेकून बसतो, उंबरा ओलांडत नाही,
नुसतं एक विष धाडतो निरोप्यासारखं.
त्याला पाच हात. पाचांनी पेशीची कडी धरायची,
सहावा तुकडा एकटाच आत सरकतो
आणि शोधतो ती चावी,
जी पेशी दिवसातून कितीदा सोडते, बंद करते, सोडते.
ती सुटलेली असतानाच घट्ट धरून बसतो.
बस, एवढंच.

आबा भट्टीतून काढलेला माठ बोटानं वाजवून बघायचे.
ठण्ण वाजला की शाबूत.
भरमाजीचं आतडं वाजवता आलं असतं
तर ठण्णच वाजलं असतं.
तडा नाही, ओरखडा नाही,
आणि तासाला लिटरभर पाणी चाललंय,
आधी मीठ, मिठामागं पाणी,
रक्तातलं, डोळ्यांच्या खोबणीतलं,
बोटांची पेरं अशी की जन्मभर धुणीच धुतली.

फिलोमिना सिस्टर दोन्ही हातांत सुया लावते.
तो पुटपुटतो, "जॉइंट गळूलंय, गटारीच्या कडंला."
त्यानं अर्ज दिला होता. मराठीत. परत आला.
मग पोराकडनं कन्नडमध्ये लिहून घेतला.
तीन प्रती आणा, म्हणाले.
शेवटी सायकलची ट्यूब गुंडाळली, वर तार आवळली,
आणि रोज पहाटे स्वतः सोडलेलं पाणी
स्वतःच प्यायला.
त्याच्या मागोमाग गल्लीतली नऊ माणसं आली.
दहावं, चार वर्षांचं, रिक्षातच गेलं.
त्याच्या नावापुढं माझ्याकडं थेंब नाही.

त्याच भिंतीत आणखी एक दार आहे
ज्याची त्या विषाला खबर नसते.
तिथनं साखर मिठाचा हात धरून आत येते
आणि पाणी दोघांच्या मागनं.
एक पुडी, लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, एक चमचा.
ओकला तर दहा मिनिटं थांब. पुन्हा चमचा.
फिलोमिना सिस्टर रात्रभर हेच करते,
या खाटेवरनं त्या खाटेवर,
मधेच कोंकणीत देवाला काहीतरी सुनावते.

चौथ्या दिवशी तो उशीला टेकून बसतो, आंबील मागतो.
मी त्याला सगळं सांगते, हात, कडी, चावी.
आपल्याच धंद्यातली गोष्ट ऐकल्यासारखं ऐकतो.
"मग बंद कुणी केली?"
"कुणी नाही. अडकली ती अडकलीच.
ती पेशीच झडून गेली, खालनं नवी आली."

बराच वेळ सलाईनच्या नळीकडं बघत राहतो.
"म्हंजे ट्यूब गुंडाळून भागत न्हाई.
तेवढा तुकडाच बदलायला पायजे."

मग कागद मागतो.
मी रजिस्टरचं मागचं कोरं पान फाडून देते,
विचारते, "कुठल्या भाषेत?"

तो पेन झटकतो.
"आधी आकडं लिव्हतो," म्हणतो.
"नऊ."
आणि थांबतो.
मग त्याच्या खाली, वेगळ्या ओळीवर,
"एक."