उंचीच्या खुणा

तिकीट काढून ती चढली जहाजावर,
मॉर्फिड स्कर्फील्ड, वय वर्षं बहात्तर.
ज्येष्ठांना सवलत होती; तिने मागितली नाही.

माहिती देणारा पोरगा छान बोलत होता.
साडेचार इंच जाड लोखंड, म्हणाला,
आणि त्यामागे हातभर साग.
अठराशे साठ साली अशी दुसरी नव्हती पाण्यावर.
हिच्या धाकानेच शत्रू बंदरात बसून राहिला,
एक गोळा रागाने सुटला नाही हिच्यातून.
लोक हसले.
दहा वर्षांत जुनी झाली. मग पुढचं
त्याने एका वाक्यात उरकलं:
पन्नास वर्षं वेल्समध्ये, तेलाचा धक्का म्हणून, पडून होती.

पडून?

बाप पहाटे कंदील घेऊन नळीचे जोड तपासायचा.
टँकर लागला की सगळं घर
झोपेत कूस बदलल्यासारखं हलायचं.
चहाला, पावाला, उशीच्या अभ्र्यालासुद्धा तेलाचा वास.
आई तोफांच्या रिकाम्या खिडक्यांशी चादरी वाळत घालायची,
भरतीचा वारा त्या फुगवायचा;
म्हातारपणी तेवढीच शिडं हिच्या नशिबी.
डेकवर ओतलेल्या सिमेंटवर धाकटा इवॉर
सायकल शिकला, गुडघे फोडून.
ती स्वतः जन्मली कप्तानाच्या केबिनमध्ये.
सुईण होडीतून आली होती, ओहोटीला शिव्या देत.

आता तिथे महोगनीचं टेबल,
कुणीच न जेवलेली चकचकीत ताटं,
आडवी लाल दोरी.
दाराशेजारच्या लोखंडी भिंतीवर आई दर नाताळला
खिळ्याने रेघ ओढायची, हिची एक, इवॉरची एक.
इवॉरच्या रेघा नवव्या वर्षी थांबल्या.

पोरगा सांगत होता, आठ वर्षं लागली.
हार्टलपूलच्या कामगारांनी, गोद्या ओस पडलेल्या त्या दिवसांत,
थरावर थर खरवडला, गंज, डांबर, सिमेंट,
पार मूळ लोखंड लागेपर्यंत.
सांगताना त्याचा ऊर भरून आला.

तिला राग नाही आला.
त्यांनी हात लावला नसता तर भंगारातच जायची,
हिच्या बरोबरीच्या गेल्याच की.
एवढ्या जन्मांतला कुठला खरा धरायचा
हे कुणीतरी ठरवणारच,
आणि ज्याच्या हातात खरवडणी, तोच ठरवणार.

ती दोरीवरून वाकली. नव्या पांढऱ्या रंगावर
तळवा टेकवला, नऊ वर्षांच्या पोराचं डोकं येईल
तेवढ्या उंचीवर. लोखंड तसंच होतं,
जानेवारीसारखं गार.

"बाई, हात नका लावू," पोरगा हळूच म्हणाला.
"नाही लावत," ती म्हणाली,
आणि तशीच उभी राहिली.