पाचवं नाव

चिंच लावून घासल्यावर कळलं,
ही फुलदाणी नव्हे.
बूड नाहीच तिला, लाकडाची खुंटी ठोकून बुजवलेलं.
हा कर्णा. तांब्याचा.
माझ्या चुलत आजोबांनी, केरू तांबटांनी,
घागरीच्या पत्र्यातून स्वतः ठोकलेला.
अरुंद तोंडाशी अजून दातांच्या खुणा.

गंगेच्या वाळवंटात तंबू लागायचा,
जमिनीवर एक आणा, बाकावर दोन.
रिळांचे डबे नाशिकरोडहून ट्रामनं यायचे.
शरणपूरचा याकोब भालेराव
इंग्रजी पाट्या कानाशी कुजबुजायचा
आणि नाना कर्ण्यातून
तंबूभर मराठी ओतायचे.

पडद्यावर आधी नावं यायची.
पहिली चार देखण्यांची.
पाचव्याशी याकोब अडायचा:
क्लोतिल्द... पुढं जीभ वळेना.
फ्रान्सची आहे बाई, एवढंच म्हणाला.
नानांनी तिला गोदामावशी केलं.

बाकीचं मला मिळालं एका कात्रणात,
तेही वाळवीनं आधी वाचलेलं.
चाळिशीत नाटक कंपनीसोबत बोटीनं अमेरिकेला गेली,
कंपनी बुडाली, ही राहिली.
पहिल्या वर्षी खानावळवाली.
मग सरदाराची विधवा, मग दाई,
मग मठातली म्हातारी, हातात किल्ल्या.
आंधळी आई दोनदा.
एकदा नुसती बर्फात उभी, पदर नसलेल्या डोक्यावर शाल.
नायिका कधीच नाही;
नायिकेला दार उघडून देणारी.
एकशे सात चित्रपट
आणि एकाही भित्तिपत्रकावर ती नाही.

पण रविवार कारंजावरचा भाजीवाला
नायकाचं नाव विचारायचा नाही.
म्हणायचा, मावशी आहे का या खेपेला?
मावशी असली की बाकं भरायची.
खलनायकानं पोरीचं मनगट धरलं
की तिचे ओठ हलायचे फ्रेंचमध्ये,
आणि कर्ण्यातून यायचं,
‘सोड मुडद्या, उलथन्यानं डाग देईन!’
बसायचं ते बरोब्बर,
डब्याला झाकण बसावं तसं.

एका खेळात तिचा मुलगा लढाईतून येत नाही.
पाटीवर दोनच शब्द होते, याकोबनं सांगितले.
नानांनी कर्णा मांडीवर ठेवला.
पेटीवाला थांबला.
तंबूत नुसता यंत्राचा खडखडाट,
आणि ती, टेबलावरची दुसरी ताटली उचलून
परत फडताळात ठेवणारी.

मग पडदा स्वतःच बोलायला लागला.
नानांनी पहिल्यांदा तिकीट काढलं, बाकाचं.
तिसऱ्या रिळात ती आली,
मोलकरणीची पांढरी टोपी.
दार उघडलं. पाच शब्द बोलली.
बारीक, चिरका आवाज, र घशात अडकलेला,
आणि पडद्यावरचे साहेब हसले तिच्या बोलण्याला.
तिला ठेवलीच होती त्यासाठी.
नाना उभे राहिले,
कर्ण्याशिवाय ओरडले,
‘हा आवाज तिचा नाही!’
मागून कुणीतरी सदरा ओढला.

अकरा वर्षं तिच्या तोंडी
स्वतःच्या आईचा आवाज घातला होता त्यांनी.
हे घरात फार उशिरा कळलं,
तेही त्यांनी सांगितलं नाही.

कात्रणात शेवटी लिहिलंय,
पुढं तिच्या भूमिकांना नावंही राहिली नाहीत.
खानसामीण. प्रवासी बाई.
अखेरची: दुसरी शेजारीण.
नाना घागरी ठोकत राहिले.
म्हणत, तांब्याला ऐकू येतं, तोंडापुरतं बोलत जा.
कर्ण्यात कुणीतरी कागदी फुलं खोचली.

काल खुंटी काढली.
कॉलेज रोडवरच्या या तिसऱ्या मजल्यावर,
खिडक्या लावून,
तिचं नाव घेतलं अख्खं:
क्लोतिल्द बेर्सॅक.
उच्चार चुकलाच असणार.
भिंती घुमल्या.
समोरच्या काकूंनी दार उघडलं,
पिठाचे हात, कपाळावर बट,
म्हणाल्या, कोण हवंय?