सतरा नंबरची कढई

पावत्या नीट होत्या. शिक्का गोल,
शाई जांभळी, सही रोजच्याच उतारावर घसरलेली.
गाडा क्रमांक सतरा, केळ्याची भजी, क्लांग बाजार:
दर आठवड्याला साठ लिटर वापरलेलं तेल.

माझं काम एवढंच, उलटं चालत जायचं.
फिनलंडमधल्या ट्रकच्या टाकीपासून मागे,
जहाज, बंदर, पिंप, डबा,
शेवटी एक कढई सापडायला हवी.
कढई सापडली की धूर वजा होतो.
असा नियम आहे. मी केलेला नाही.

गोदामात झुलहेल्मीने झाकण उघडलं.
मी वाकले. तळणाला वास असतो,
करपल्या पिठाचा, मासळीचा, कालच्या कांद्याचा;
चारदा तापलेलं तेल काळवंडतं, नुसत्या वासाने घशाशी बसतं.
हे मधासारखं. आरपार दिसत होतं
माझंच बोट, नखाला लागलेली शाई.
"गाळून घेतो आम्ही, मिस याप," तो म्हणाला,
"चांगलं गाळतो."

दुपारी बाजारात गेले.
सतरा नंबरवर ताडपत्री, दोरीला तीन गाठी.
शेजारचा नारळवाला सोलता सोलता म्हणाला,
रोकिया? ती मुलीकडे गेली, जोहोरला.
गुडघे. ईदच्याही आधी.
मी बोटांवर मोजलं: एकोणीस आठवडे.
ताडपत्री उचलली. कढई होती.
थंड, कडेला गंज,
आत मांजर, पोटाशी तीन पिल्लं.

एकोणीस गुणिले साठ.
अकराशे चाळीस लिटर, आणि एकही भजं नाही.
कागदी घोडे नाचतात हे ऐकून होते;
हे तर बर्फातून चाळीस टनांचे ट्रक ओढत होते.
तेल मात्र खरं होतं.
कुठल्या तोडलेल्या रानाच्या जागी उगवलेलं,
ते कुठल्याच पावतीवर नव्हतं.

संध्याकाळी झुलहेल्मीचा फोन. धमकी नाही.
बायकोचे दिवस भरत आलेत, म्हणाला.
डब्यामागे पैसे मिळतात, आणि लोक हल्ली
तेच तेल पुन्हा पुन्हा तापवतात, टाकून देतच नाहीत.
हेही खरं असेल.

अहवालात रकाना होता: बचत, कार्बन, किलोमध्ये.
मी शून्य लिहिलं.
शेऱ्यात मांजराचं लिहायला घेतलं होतं,
ते खोडलं. जागा दोनच ओळींची.

रात्री हॉटेलखाली कुणीतरी काहीतरी तळत होतं.
खिडकी लावून घेतली. मग उघडली.
मग खाली उतरले.
साडेतीन रिंगिट.
पावती मागितली नाही.