अक्कलदाढ

संकेश्वरला स्टँडच्या मागं, खताच्या दुकानावर
डॉक्टर रत्नप्रभा मगदूम यांचा दवाखाना.
पाटीवर दोन लिप्या. एकीवर कधीतरी कुणी डांबर फासलेलं,
तेही आता उन्हानं तडकलंय,
भेगांतून अक्षरं डोकावतात.

मी कंडक्टर. निपाणी–गोकाक, चोवीस वर्षं.
लोकांचं हातावर पोट, माझं तोंडावर.
"मुंदक होग्री, पुढं सरका" एका श्वासात;
कुठलं आधी निघतं
ते समोरच्याच्या चेहऱ्यावर नाही,
माझ्या थकव्यावर ठरतं.

"आ करा की. अजून."
तिनं एक्स-रे खिडकीला धरला:
शेवटच्या सीटवर पाय पसरून झोपलेल्या
दारुड्यासारखी आडवी दाढ.
"जागाच नाही हिला," ती म्हणाली,
"माणसाचा जबडा लहान झाला न्हवं?
कच्ची मुळं, कच्चं मांस, दिवसभर चावायचं,
केवढे जबडे होते त्यांचे!
मग कुणीतरी कंद विस्तवात टाकला.
मग आंबील आली. मग ताकात कुस्करलेली भाकरी.
जबडा आटत गेला.
दाढेला कुणी कळवलं नाही."

सुई.
खालचा ओठ अर्धा परका झाला.
जीभ म्हणजे कुणाची तरी ओली चप्पल,
चुकून माझ्या दारात राहिलेली.
मग पक्कड, आणि कानाच्या आत
चढाला लागलेल्या बैलगाडीसारखी करकर.

ट्रेमध्ये पडली. मुळं वाकडी,
पंगत उठल्यावर पोचलेली पाहुणी.

"दुखूलंय काय?"
मी मान हलवली. पाणी मागितलं.
"हाणी," म्हणालो.
"हाणी द्या."
ओठाला ओठ भेटेना;
प सुटून गेला, मागं नुसता वारा.

ती हसली. मग कापूस बदलता बदलता थांबली.
"आमच्या कन्नडचं हेच झालं बघा, हजारेक वर्षांमागं.
दुधाला पाल् म्हणत, हालु झालं.
फुलाला पू, त्याचं हूवु.
वाघ पुलि होता, हुलि झाला.
हा दातसुद्धा. पल् होता, आता हल्लु.
इंजेक्शन कुणी दिलं, काय की."

मला बोलता येत नव्हतं, म्हणून विचार केला:
आमच्या दन्तातला न कुठल्या खड्ड्यात उडाला?
हस्तातला स?
हात राहिलाच की, भाकरी मोडतोच की.
आणि अण्णा, अक्का, अडकित्ता
कुठल्या स्टॉपवर चढले,
तिकीट कुणी फाडलं,
त्या दिवशीचा कंडक्टर कोण होता?

रजा नव्हती. तीनची गाडी माझी.
दाढ कागदात गुंडाळून पैशांच्या पिशवीत टाकली,
सुट्ट्या नाण्यांत ती खुळखुळायची.

हत्तरगीला गर्दी चढली. मी ओरडलो,
"उंदक होग्री, हुढं सरका!"
कुणी वळून बघितलं,
एक म्हातारा म्हणाला, "कुठल्या गावचं बोलणं हे?"
पण सरकले. सगळे सरकले.

घटप्रभेला उतरणाऱ्या बाईला
शून्याचं तिकीट दिलं.
तिच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचं पोर,
चार दात वर, चार खाली,
माझ्या तोंडाकडं टक लावून.
गाडी सुटली तसं म्हणालं,
"हुढं."
आई म्हणाली, "काय रे?"
"हुढं, हुढं,"
खिडकीबाहेरच्या उसाला,
म्हशीला, पुलाला.

रात्रीपर्यंत माझा ओठ परत येणार होता.
त्याला कुणी सांगितलं नाही.
मीही नाही.