चावी कुठे असते

फायर स्टेशनच्या मागच्या खोलीत, दर शनिवारी नऊला,
बावीस वर्षं मी हाच वर्ग घेतोय.
बाहेर मॉन्टानाचा नोव्हेंबर, उणे अठरा.
भिंतीपलीकडे धुतलेला बंब,
अलीकडे घडीच्या खुर्च्यांवर अकरा मुलं,
अंगापेक्षा मोठी नारिंगी जाकिटं,
बुटांखाली बर्फाची डबकी.

टेबलावर बंदूक ठेवतो. बोल्ट उघडा.
'भरलेली की रिकामी?'
'भरलेली!'
'कशावरून?'
'प्रत्येक बंदूक भरलेलीच असते!'

नळी कुठे? जिथे कुणी नाही तिथे.
बोट कुठे? चापाबाहेर, सरळ,
शिक्षा झालेल्या पोरासारखं उभं.
हरणाच्या मागे काय आहे? आधी ते बघायचं, मग हरीण.
कुंपण ओलांडताना? आधी रिकामी करायची,
मग तारेखालून सरकवायची, मग आपण.
आणि मित्राच्या घरी, उशीखाली दिसली तर?
हात नाही लावायचा, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं.
बे एके बे म्हणावं तसं म्हणतात.

म्हणता म्हणता कोल्टनचा डावा हात मात्र
टेबलाच्या कडेवरून दस्त्याकडे सरकत असतो,
बोटाबोटानं. त्याचं त्यालाच कळत नाही.
मी बघतो. हात मागे जातो.
तोंडाला पाठ होतं. हाताला होत नाही.

मग मागच्या रांगेतली टिल्डा, ऑस्टबींची धाकटी,
सकाळपासून चकार शब्द न काढलेली,
हात वर करते, खाली घेते, परत वर.
'तुमच्या कपाटाची चावी कुठे असते?'

हा प्रश्न पुस्तिकेत नाही.
सुरक्षित जागी, मी म्हणालो.
'कुणाकुणाला माहीत आहे?'
फक्त मला.
वाण्याच्या तराजूवर भरवसा नसलेल्या बाईसारखी
तिनं मान हलवली, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

घरी आलो. अर्लीन बहिणीकडे गेलेली.
नातू गालिच्यावर पालथा पडून गाय रंगवत होता, हिरवी.
सहा वर्षांचा. पुढचे दोन दात पडलेले.
एक बूट काढत, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं,
'वायट, माझ्या कपाटाची चावी कुठे असते रे?'
त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही.
'पिठामागच्या निळ्या डब्यात. बटणांच्या खाली.'
'कधीपासून माहीत आहे?'
'नेहमीपासून.'
आणि शिंगं रंगवायला घेतली.

एक बूट पायात, एक हातात, मी तसाच बसून राहिलो.
फळीला त्याचा हात पुरत नाही.
खुर्ची पुरते.
जेवणाच्या टेबलापासून ओट्यापर्यंत फरशीवर ओरखडे होते,
चार, समांतर. कितीतरी महिने मी ते ओलांडत होतो.
मला वाटायचं, अर्लीन साखर काढायला चढते.

रागावलो नाही. कोणत्या तोंडानं रागावणार?
डबा उपडा केला. बटणं टेबलाखाली पळाली. चावी होती.
कपाट उघडलं, चारही बाहेर काढल्या,
एकेक दोनदा तपासली, पोरांना शिकवतो तशी,
नुसतं बघून नाही, करंगळी आत घालून.
चारही रिकाम्या.
हायसं वाटायला हवं होतं.

सोमवारी आकड्यांचं कुलूप आणलं.
आकडे कुणाच्याच वाढदिवसाचे नाहीत.
काडतुसं आता तळघरात, वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात.
अर्लीन म्हणाली, एवढं काय झालं?
काहीच नाही, मी म्हणालो. तेच तर.

पुढच्या शनिवारी आधी बाहेर गेलो.
इंजिन चालू ठेवून गाड्यांत कॉफी पीत बसलेले
आईबाप, काचेवर टकटक करून, आत आणले.
खुर्च्या पुरल्या नाहीत. भिंतीला टेकले.
टेबलावर बंदूक नव्हती. निळा डबा ठेवला.
हलवून दाखवला. बटणं वाजली.
कोल्टनचा बाप हसला.

'सांगा,' मी म्हणालो,
'हा भरलेला आहे, की रिकामा?'

मुलांनी लगेच सांगितलं.
मोठे आपापल्या बुटांकडे बघत होते.